फुंकर मारू नका

निवृत्तीनंतर पेस्टल शिकायला लागलेल्या एक बाई खोकला घेऊन आल्या. ताप नाही, छाती साफ. पण नाक शिंकरलं की रुमाल निळा! विचारल्यावर कळलं, कागदावर सांडलेली भुकटी त्या दर दोन मिनिटांनी फुंकरीने उडवत, तेही डोक्यावर पंखा गरगरत असताना. त्यांची खरी तक्रार वेगळीच होती: "डॉक्टर, चित्रं फार डागाळतात हो!"

मला विचाराल तर दोन्ही दुखणी एकच. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य, खडूची पूड आणि नावापुरता डिंक. म्हणून तो कागदावर मखमली उमटतो आणि म्हणूनच उडतो. जाडसर कण नाकात अडकतात, बारीक थेट फुफ्फुसात उतरतात. काही पिवळ्या-तांबड्या छटांमध्ये कॅडमियम असतं; ते वारंवार श्वासातून गेलं तर फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना अपाय करतं. खोक्यावरची माहिती वाचून घ्या.

फळी उभी ठेवा, वरची कड किंचित पुढे झुकलेली. भुकटी चित्रावर न घसरता सरळ खाली पडते. तिथे ओला वर्तमानपत्राचा कागद पसरा. साचलेली पूड झटकायची तर फळी अंगणात नेऊन मागून टिचकी मारा. काम वरून खाली, उजव्या हाताने रंगवत असाल तर डावीकडून उजवीकडे. मनगट चित्रावर टेकवू नका. फळीच्या दोन कडांवर आडवी पट्टी ठेवून तिचा आधार घ्या. रंग बदलताना बोटं ओल्या फडक्याला पुसा. मळलेल्या कांड्या बरणीत कोरड्या तांदळात घालून हलवल्या की स्वच्छ होतात. (ते तांदूळ फेकायचे. हे सांगावं लागतं, अनुभव आहे.)

शेवटी जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. दमा असेल तर एन-९५ मास्क लावा. फिक्सेटिव्हचा फवारा गच्चीतच मारा. त्यातली द्रावकं घशाला झोंबतात आणि पेटही घेतात, तेव्हा गॅस किंवा समई जवळ नको.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे ऑइल पेस्टल असे उडत नाहीत, हाताला चिकटतात. डबा खाण्याआधी साबणाने हात धुतले की पुरे.

बाईंचा खोकला आठवड्यात थांबला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असता तर मी रंगांना दोष देत न बसता थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे सांगितला असता. तुम्हीही तेच करा. हातमोजे घाला म्हटलं, तर त्याला मात्र बाई तयार नाहीत. कागद बोटांना कळत नाही म्हणे. बोटाला चीर असेल त्या दिवशी तरी घालीन, एवढं कबूल करून घेतलं आहे.