'उच्चाटन' आणि 'मुक्ती' : अमेरिकन चळवळीतील शब्द व आपला कुलाबा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि काळ्या गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली. तेव्हा त्या चळवळीचे शब्द आपल्या चौलकरांना परके वाटण्याचे कारण नाही. मात्र सभेत आपण ते सरमिसळ वापरतो, म्हणून त्यांचा नेमका अर्थ वाचक बंधू-भगिनींनी समजून घ्यावा.

पहिला शब्द 'अॅबॉलिशन', म्हणजे उच्चाटन. गुलामांना बरे वागवा, हळूहळू सोडा, असे सांगणारे सज्जन अमेरिकेत पुष्कळ होते. १८३१ मध्ये विल्यम लॉईड गॅरिसन यांनी 'लिबरेटर' हे पत्र काढले व गुलामी ताबडतोब बंद झाली पाहिजे, अशी मागणी लावून धरली. सुधारणा निराळी आणि उच्चाटन निराळे, हा भेद तेथे पक्का झाला. स्वतः गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली आत्मचरित्र लिहून त्या मागणीला अनुभवाचा आधार दिला. भारतीय संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात अस्पृश्यतेसाठी याच धातूचे रूप आहे. अस्पृश्यता 'कमी' करण्याची भाषा तेथे नाही.

दुसरा शब्द 'इमॅन्सिपेशन', म्हणजे मुक्ती. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा, पण तो बंडखोर राज्यांपुरताच होता. देशभर गुलामी बंद केली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि तिच्यातही गुन्ह्याच्या शिक्षेची पळवाट राहिली. पुढे तर मोठीच फसगत झाली. मुक्त झालेल्यांपैकी काहींना त्याच वर्षी लष्करी हुकमाने जमीन मिळाली होती, ती राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत देवविली. मग मुक्त माणूस त्याच मालकाच्या शेतावर वाट्याने राबू लागला व दुकानदाराच्या वहीत अडकला.

हे वाचताना आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना 'अर्धेल' आठवेल. खोताच्या जमिनीत राबायचे, निम्मे पीक त्याच्या खळ्यात टाकायचे, वर वेठ. कुळ कागदावर गुलाम नव्हते, पण मोकळेही नव्हते. आपल्याच अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये संप केला. जमीन कसायचीच नाही, असा तो संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. (शाळेच्या पुस्तकांत याला एक परिच्छेद तरी मिळावयास हवा होता.) डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते विधेयक खोतीत डागडुजी करणारे नव्हते. खोती उच्चाटनाचा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडले.

'सफ्रेज' म्हणजे मताधिकार. १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेत स्त्रियांनी तो मागितला, आणि मतदानात स्त्री म्हणून भेद करण्यास राष्ट्रीय घटनेने मनाई केली ती १९२० मध्ये. आपल्याकडे संविधानाने तो सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना एकदमच दिला.