संगणकातला संगणक कितपत सुरक्षित?

सुटीत मी एका छापखान्यात अक्षरजुळणीचे काम करतो. तेथील काकांजवळ पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल व स्मरणिका जुन्या मराठी टंकांत साठविलेल्या आहेत. ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालते. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात ‘आभासी यंत्र’ तयार करून त्यात एक्सपी बसविली आहे. आत काहीही होवो, बाहेरचा संगणक शाबूत राहील, असा काकांचा समज होता. माझाही होता. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आम्ही थेट एक्सपीत उघडला आणि पुष्कळशा फायली कुलूपबंद झाल्या.

एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ पासून मायक्रोसॉफ्टने तिच्या नियमित दुरुस्त्या थांबविल्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा अपवाद म्हणून तिला एक ठिगळ मिळाले. आभासी यंत्र ही भोके बुजवीत नाही. ते जुन्या प्रणालीस फक्त वेगळ्या खोलीत ठेवते. आणि खोलीला दारे असतात.

आमचे दार म्हणजे सामायिक फोल्डर. आतील एक्सपीला तो आपल्याच डिस्कसारखा दिसतो, पण फायली असतात बाहेर. “काल घेतलेल्या स्नॅपशॉटवर मागे जाऊ,” असे काका म्हणाले. गेलोही. एक्सपी पूर्ववत झाली. फोल्डर मात्र तसाच बिघडलेला! स्नॅपशॉट आभासी डिस्कचा असतो, बाहेरच्या फोल्डरचा नव्हे. दुसरे दार नेटवर्कचे. ‘ब्रिज’ पद्धतीने जोडल्यास एक्सपी शेजारच्या सर्व यंत्रांना उघड दिसते.

भिंतही कधी फुटते. २०१५ साली ‘क्यूईएमयू’ या सॉफ्टवेअरच्या आभासी फ्लॉपी-नियंत्रकात ‘व्हेनम’ नावाचा दोष सापडला. त्यातून आतील प्रोग्रामला बाहेर निसटता येण्याजोगे होते. दोष २००४ पासूनचा! आमच्या पिढीने फ्लॉपी पाहिलीही नाही. पण असे प्रकार विरळा. आम्हां सामान्यांना साधा फोल्डरच बुडवितो.

आता एक्सपीचे नेटवर्क काढले आहे. जुना संग्रह तिला फक्त वाचता येतो. तयार काम ठेवण्यास वेगळा रिकामा फोल्डर आहे. पेनड्राइव्ह प्रथम बाहेर तपासला जातो. एक प्रत सुट्या डिस्कवर घेऊन काका ती रोज संध्याकाळी कपाटात ठेवतात. गेलेल्या फायलींत आपल्या महाविद्यालयाचे दोन वार्षिकांक होते. ते मी ग्रंथालयातील छापील प्रतीवरून युनिकोडमध्ये पुन्हा जुळवीत आहे; पहिल्याची बेचाळीस पाने झाली.