शेतीव्यवसायातील यंत्रे आणि माहिती : जोखीम कशी मोजावी?

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका आंबेमोहर तांदळासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. याच तालुक्यातील, पाषाणच्या डोंगरापलीकडचे सूस हे गाव गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलले. ३० जून २०२१ च्या शासकीय अधिसूचनेने पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत तेवीस गावे समाविष्ट झाली. त्यांत सूसचाही समावेश होता. त्या दिवसापासून तेथील ग्रामपंचायत संपुष्टात आली आणि करआकारणीचे काम महानगरपालिकेकडे गेले. जमिनीचा सातबारा मात्र महसूल विभागाच्या अभिलेखात राहिला.

हा बदल केवळ प्रशासकीय नाही. सूससारख्या गावात आज ज्या कुटुंबाकडे थोडीफार शेती शिल्लक आहे, त्याची माहिती किती ठिकाणी नोंदलेली असते याचा विचार करावा. जमिनीची नोंद महसूल विभागाकडे असते आणि घराची नोंद महानगरपालिकेकडे. शेतकरी ओळख क्रमांकाची नोंद कृषी विषयक माहितीसाठ्यात होते, कर्जाची नोंद बँकेत वा विविध कार्यकारी सोसायटीत होते. शिवाय खतविक्रेता, दूध संकलन केंद्र, ठिबक संचाची कंपनी आणि भ्रमणध्वनीवरील निरनिराळी ॲप्स यांच्याकडेही काही ना काही माहिती असतेच. यांपैकी एका ठिकाणी चूक झाली किंवा माहिती भलत्याच्या हाती पडली, तर नुकसान मात्र त्या एकाच कुटुंबाचे होते. शहरालगत जमिनीला जो भाव आलेला आहे तो पाहता हे नुकसान एका हंगामापुरते मर्यादित राहीलच असे नाही.

म्हणूनच शेतीव्यवसायात नवे यंत्र किंवा नवी माहितीप्रणाली स्वीकारताना तिच्यातील जोखीम मोजण्याची पद्धत अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. ही पद्धत अवघड नाही. तिला मोठ्या गणिताची नव्हे, शिस्तीची आवश्यकता आहे.

बदललेली परिस्थिती

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा उपक्रम सुरू झाला. पूर्वी तलाठी पिकांची नोंद घेत असत. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र व स्थाननिश्चितीसह नोंद करू लागला. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. महसूल मंडळांच्या पातळीवर उभारलेली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, तापमान व आर्द्रता यांची नोंद घेतात. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी स्वतंत्र धोरणास मान्यता दिली. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प मंजूर केला.

या सर्व उपक्रमांचा लाभ उघड आहे. नोंदी वेगाने होतात, खेटे वाचतात आणि शेतकऱ्याला स्वतःची नोंद स्वतः पाहता येते. परंतु ज्या नोंदीवर विमा, कर्ज, अनुदान आणि नुकसानभरपाई अवलंबून आहे, ती नोंद चुकली तर या चारही गोष्टी एकदम अडतात, हेही तितकेच खरे आहे. सोय जितकी मोठी, तितके तिच्यावरील अवलंबनही मोठे असते.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना सूसच्या जवळचीच आहे. सूसहून पाषाणमार्गे शहरात येताना विद्यापीठानंतर गणेशखिंड रस्ता लागतो. या रस्त्यावर कॉसमॉस सहकारी बँकेचे मुख्यालय आहे. ११ ऑगस्ट २०१८ या शनिवारी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने या बँकेचे पैसे काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी रक्कम वळविण्यात आली. एकूण अपहार सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपयांचा होता. एटीएमकडून आलेली मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत जाऊन तपासली जाण्याऐवजी मध्येच उभ्या केलेल्या बनावट यंत्रणेने तिला परस्पर मंजुरी दिली, असे तपासात दिसून आले. तिजोरी मजबूत असली तरी तिच्याकडे जाणारी वाट तपासलेली असली पाहिजे, हा यातील धडा आहे. सुटीचा दिवस साधून घाला घालण्यात आला, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी घटना अमेरिकेतील आयोवा राज्याची. सप्टेंबर २०२१ मध्ये मका व सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर ‘न्यू कोऑपरेटिव्ह’ या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची संगणकप्रणाली खंडणीखोरांनी निकामी केली आणि ५९ लाख डॉलरची मागणी केली. संस्थेने आपली यंत्रणा बंद ठेवून धान्य स्वीकारण्याची व पशुखाद्य पोहोचविण्याची पर्यायी व्यवस्था उभी केली. एप्रिल २०२२ मध्ये तेथील केंद्रीय तपास संस्थेने पेरणी व काढणीच्या हंगामात असे हल्ले होण्याचा संभव अधिक असतो, असा इशारा कृषी सहकारी संस्थांना दिला. जोखीम वर्षभर सारखी नसते; ती हंगामाबरोबर चढते व उतरते, हा यातील बोध आहे.

तिसरी घटना आपल्या द्राक्ष बागायतदारांची. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग बागेपर्यंत घेता यावा म्हणून ‘ग्रेपनेट’ ही नोंदप्रणाली अस्तित्वात होती. बागांची नोंदणी आणि औषधांच्या अवशेषांची तपासणी होत होती. तरीही २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले, माल नाकारला गेला आणि बागायतदारांना मोठी झळ बसली. हे द्रव्य आपल्याकडील तपासणीच्या यादीतच नव्हते. येथे कोणी चोरी केली नाही की यंत्र बिघडले नाही. नोंदी व्यवस्थित होत्या, पण एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. माहितीची जोखीम केवळ चोरीची नसते, अपुरेपणाचीही असते, हे या घटनेने दाखवून दिले.

जोखीम मोजण्याची रीत

जोखीम म्हणजे केवळ भीती नव्हे. एखादी अनिष्ट गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास हानी किती, या दोहोंचा गुणाकार म्हणजे जोखीम. दोहोंना १ ते ५ असे गुण द्यावेत. शक्यतेचा १ म्हणजे क्वचित घडणारे आणि ५ म्हणजे वारंवार घडणारे. हानीचा १ म्हणजे किरकोळ गैरसोय आणि ५ म्हणजे व्यवसायच उठून जाईल असा फटका.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुळशीच्या शेजारचा मावळ तालुका हरितगृहातील गुलाबासाठी ओळखला जातो. फेब्रुवारीतील ‘व्हॅलेंटाइन डे’साठी तेथून फुले परदेशी जातात. समजा, पुण्याच्या परिसरातील काही शेतकऱ्यांच्या गटाने असेच एक हरितगृह उभारले आहे आणि तेथे पाणी व खत देण्याचे काम स्वयंचलित नियंत्रक करतो. गटाने चार धोके पुढीलप्रमाणे मांडले.

१) वीज किंवा इंटरनेट खंडित होऊन नियंत्रक बंद पडणे : शक्यता ४, हानी ३, जोखीम १२.

२) खतपाण्याचा सामू व विद्युतवाहकता मोजणाऱ्या संवेदकाने चुकीचा आकडा देणे : शक्यता ३, हानी ४, जोखीम १२.

३) हिशेबाच्या संगणकातील नोंदी नष्ट होणे : शक्यता २, हानी ५, जोखीम १०.

४) सभासदांचे आधार, सातबारा व बँक खात्याचे तपशील परक्याच्या हाती पडणे : शक्यता ३, हानी ५, जोखीम १५.

या मांडणीत चौथा धोका सर्वांत वर येतो. पण हे वर्षातील सर्वसाधारण दिवसांचे चित्र झाले. जानेवारीच्या अखेरीस, काढणी तोंडावर असताना, नियंत्रक दोन दिवस बंद राहिला तर हानी ३ न राहता ५ होईल आणि पहिल्या धोक्याची जोखीम २० वर जाईल. म्हणून असे कोष्टक निदान प्रत्येक हंगामापूर्वी पुन्हा तयार केले पाहिजे.

आता उपाययोजना पाहू. वीज जाणे गटाच्या हाती नाही. त्यामुळे शक्यता ४ हीच राहील. परंतु हाताने चालणारी झडप बसविली, दोन कामगारांना ती चालविण्यास शिकविले आणि खतपाण्याचे वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीवर लावले, तर हानी ५ वरून २ वर येईल. जोखीम २० ऐवजी ८ होईल. संवेदकाच्या बाबतीत आठवड्यातून एकदा हातातील मापकाने पडताळा घेणे पुरेसे ठरते. नोंदींसाठी दर आठवड्याला एक प्रत काढून ती संगणकापासून वेगळी, दुसऱ्या जागी ठेवावी. आणि त्या प्रतीतून नोंदी परत उघडतात की नाही हे वर्षातून दोनदा प्रत्यक्ष करून पाहावे. न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे गुण म्हणजे सत्य नव्हे. कोणते काम आधी करायचे हे ठरविण्याचे ते साधन आहे. ज्या धोक्याची हानी ५ आहे, त्याची शक्यता कितीही कमी असली तरी त्यावर उपाय केलाच पाहिजे. तसेच गुण एकट्याने देऊ नयेत. झडप फिरविणारा कामगार, हिशेब ठेवणारी महिला सभासद आणि गटाचा अध्यक्ष यांनी एकत्र बसून ते द्यावेत. कार्यालयात बसून जे दिसत नाही ते कामगाराला ठाऊक असते.

माहिती देताना विचारावयाचे प्रश्न

शेतीविषयक ॲप अथवा यंत्र घेताना विक्रेत्याला पाच प्रश्न विचारावेत. कोणती माहिती घेतली जाते? ती कोठे साठविली जाते? ती आणखी कोणाला दिली जाते? करार संपल्यावर आमची माहिती आम्हाला परत मिळेल काय? यंत्र दुरून बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधील मेलितोपोल येथून पळविलेली शेतीयंत्रे दुरूनच निकामी करण्यात आल्याचे जगाने पाहिले. तेथे ती सोय उपयोगी पडली. परंतु यंत्राची किल्ली मालकाव्यतिरिक्त आणखी कोणाकडे आहे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी केंद्र शासनाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येण्याच्या आहेत. संमती घेताना माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगणे आणि संमती मागे घेण्याची मुभा देणे ही त्यातील मुख्य सूत्रे आहेत. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम रोखण्याचा संभव अधिक असतो.

प्रत्येकाचे काम

ग्राम महसूल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांनी नोंद करून देताना ती शेतकऱ्यास वाचून दाखवावी. दुसऱ्याच्या भ्रमणध्वनीवरून नोंद करावी लागली, तर आलेला सांकेतिक क्रमांक कशासाठी आहे हे आधी सांगावे. पंचायत सदस्यांनी सेवा केंद्रात साठणाऱ्या आधार व सातबाराच्या झेरॉक्स प्रतींचे काय होते याची चौकशी करावी आणि अनावश्यक प्रती नष्ट करण्याचा ठराव करावा. शिक्षकांनी गुणाकाराचा पाठ म्हणून वरील कोष्टक वर्गात करून घ्यावे. विद्यार्थ्यांनी ते आपल्या घरच्या शेतीसाठी, दुधाच्या धंद्यासाठी किंवा रोपवाटिकेसाठी भरून आणावे. घरातील भ्रमणध्वनी पुष्कळदा तेच हाताळत असतात.

शहराच्या हद्दी वाढत आहेत आणि सूसप्रमाणे आणखी गावांची दप्तरे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातील. दप्तर हलविताना प्रत्येक वहीची यादी करून, मोजून, सही घेऊन ते देण्याची जुनी रीत आहे. संगणकातील माहितीलाही तीच रीत लागू करावी: काय आहे, कोठे आहे, कोणाच्या हाती आहे आणि हरवल्यास काय होईल, याची यादी. ही यादी ज्या गावाकडे तयार असेल, त्या गावातील शेतकऱ्यास नव्या यंत्राचा लाभ निर्धास्तपणे घेता येईल.