चिलरच्या ६.६ केव्ही मोटरची केबल जोडताना

इथे धरलेली मोटर सेंट्रिफ्युगल चिलरची आणि हर्मेटिक आहे, म्हणजे तिचं वाइंडिंग रेफ्रिजरंटच्या वायूतच असतं. काम परवानाधारक कंत्राटदाराचं आणि एचटीत हात बसलेल्या जॉइंटरचं. ४१५ व्होल्टची सवय इथे घात करते.

सुरुवात पान्याने करू नका. आधी रेफ्रिजरेशनच्या माणसाला विचारा: आत व्हॅक्यूम आहे का? असेल तर पुरवठा सोडाच, मेगरही लावायचा नाही. कमी दाबाच्या वायूत ठिणगी फार कमी व्होल्टेजला उडते, आणि मेगरच्या टेस्ट व्होल्टेजनेही धडधाकट वाइंडिंग जाऊ शकतं. कोरडा नायट्रोजन किंवा रेफ्रिजरंट भरून दाब वर आल्याची खात्री त्याच्याकडूनच घ्या, आणि ती परमिटवर लिहून घ्या.

आता व्हीसीबी ट्रिप करून रॅक आउट करा, कुलूप लावा. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. एचटी डिटेक्टर आधी चालू पुरवठ्यावर, मग केबलच्या तिन्ही फेजवर, मग पुन्हा चालू पुरवठ्यावर लावून बघा. शेवटच्या वेळी तो बोलला नाही, तर मधल्या तपासणीला काही अर्थ नाही. डिस्चार्ज रॉडचं अर्थिंगचं टोक आधी अर्थला जोडा, मगच रॉड फेजला टेकवा. टर्मिनल बॉक्समधला स्पेस हीटर बहुतेक ठिकाणी वेगळ्या २३० व्होल्ट पुरवठ्यावर असतो. व्हीसीबी बाहेर काढला तरी तो जिवंत राहतो, म्हणून त्याचा एमसीबीही पाडून कुलूपबंद करा.

टर्मिनेशनमध्ये घाई करू नका. केबलवरचा काळा सेमीकॉन थर काढताना खालच्या एक्सएलपीईला सुरीचा ओरखडा गेला, तर पुढे केबल तिथेच फुटते. ओरखडा दिसला तर तेवढा तुकडा कापून नव्याने सोला. पुसताना कापड लगच्या टोकाकडून सेमीकॉनकडे न्यायचं, उलटं नाही. उलटं नेलं तर कार्बन इन्सुलेशनवर पसरतो. हीट श्रिंक किटची मापं किटच्या कागदावरूनच घ्या. सिंगल कोअर केबल असेल तर ग्लँड प्लेट अ‍ॅल्युमिनियमची लागते, लोखंडी तापते. स्क्रीनची अर्थ वायर सीबीसीटीतून केबलबरोबर गेली असेल, तर ती त्याच सीबीसीटीतून परत आणून मगच अर्थ करा, नाहीतर अर्थ फॉल्टचा रिले फसतो.

लग मोटरच्या स्टडवर बसवण्याआधी केबल आणि मोटर वेगवेगळी मेगर करा. सर्ज कपॅसिटर असेल तर आधी डिस्चार्ज करून सोडवून ठेवा. मोटरला किती व्होल्ट लावायचे आणि किती मेगाओम चालतील, हे चिलर कंपनीच्या पुस्तिकेतून घ्या, साध्या मोटरचा आकडा इथे धरू नका. दहा मिनिटं टेस्ट केली तर निदान चाळीस मिनिटं डिस्चार्ज करा. साठलेला चार्ज पुन्हा वर येतो, आणि एवढा वेळ थांबायचा कंटाळा हमखास केला जातो.

लग आवळताना दोन पाने वापरा: एकाने आतला नट धरून ठेवायचा, दुसऱ्याने बाहेरचा टॉर्कनुसार आवळायचा. स्टड फिरला तर बुशिंग तडकतं आणि रेफ्रिजरंट गळतो. केबलचं वजन क्लॅम्पवर घ्या, स्टडवर नाही.

सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर उलटा फिरू द्यायचा नाही, म्हणून ‘फिरवून बघू’ हा मार्गच नाही. लग स्टडवर बसवण्याआधीच प्रत्येक कोअर पॅनेलपासून मोटरपर्यंत कंटिन्युइटीने ओळखून घ्या. सगळं अर्थिंग काढून, हत्यारं मोजून, टर्मिनल बॉक्सचं झाकण लावून परमिट परत करा. पॅनेलला पुरवठा आला की मोटरचा व्हीसीबी बाहेरच ठेवून बस पीटीच्या ११० व्होल्ट बाजूला फेज सीक्वेन्स बघा. पहिला स्टार्ट चिलर कंपनीच्या माणसासमोर, ऑइल पंप चालू झाल्यावरच.