शून्य टक्क्यांवरचा पाहुणा

बोरी अरबला माझं छोटं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. जुन्या संगणकांवर विंडोज रडतखडत चालते म्हणून मी उबुंटू टाकतो. त्याची पाच-सहा जीबीची फाइल टॉरेंटने उतरवतो, कारण मध्येच लाइट गेली तरी उतरलेलं वाया जात नाही. दारव्हा तालुक्यातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

फाइल उतरली की इतरांसाठी ती थोडा वेळ चालू ठेवतो. असंच एकदा क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या प्रोग्रॅममध्ये पीअर्सची, म्हणजे तीच फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांची, यादी उघडली. एकाने माझ्याकडून फाइलच्या दुपटीहून जास्त डेटा नेला होता, तरी त्याचा प्रोग्रेस 0 टक्के! चार पंगती उठवून 'मला वाढलंच नाही' म्हणणारा पाहुणा. त्याला ब्लॉक केलं, तर शेवटचा आकडा तेवढा बदललेला दुसरा आयपी पत्ता हजर.

माग काढणाऱ्यांचं म्हणणं असं: चीनमध्ये काही जण घरच्या नेटवरून कंपन्यांचा डेटा वाटून पैसे कमावतात. नुसतं अपलोडच जास्त दिसलं तर नेट कंपनी लाइन तोडते. म्हणून डाउनलोडचा आकडा फुगवायला ते टॉरेंटवरून फाइलचे तेच ते तुकडे ओढतात आणि फेकून देतात. फाइल त्यांना नकोच असते. भुर्दंड मात्र आपल्या डेटा पॅकला.

पण दिसेल त्याला ब्लॉक करत सुटू नका. यादीत आयपीपुढे दिसणारा परदेशी झेंडा हा पुरावा नव्हे. एकाच आयपीवर दोघे दिसले तरी नाही; आपल्याकडच्या मोबाइल नेटवर कितीतरी ग्राहक एकच पत्ता वापरतात. नवा आलेलाही शून्यावरच असतो. नेलेला डेटा आणि दाखवलेला प्रोग्रेस, एवढीच तुलना करा.

पीअर व्हायरस घुसवेल ही भीतीही बहुतेक वेळा फुकाची. प्रत्येक तुकडा त्याच्या हॅशशी, म्हणजे ठरलेल्या डिजिटल ठशाशी, ताडला जातो. जुळला नाही तर टाकून दिला जातो. धोका असतो तो मूळ टॉरेंटच भलत्या साइटवरून घेतला तर. ते अधिकृत साइटवरूनच घ्या, उतरलेल्या फाइलचा एसएचए-256 हॅश तिथल्याशी जुळवा.

आणि सिनेमे उतरवणाऱ्या पोरांनो, यादीत तुमचाही आयपी सगळ्यांना दिसतो, आणि उतरवताना तुम्ही वाटतही असता. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बाकी सगळ्यांनीही, डेटा मोजका असेल तर अपलोडची मर्यादा आजच घालून ठेवा.