रंग उडाला, विष राहिलं

प्रश्न : इचलकरंजीजवळ पंचगंगेकाठी आमचं शेत आहे. उन्हाळ्यात नदीचं पाणी कधी तांबूस, कधी निळसर दिसतं आणि मासे मरून तरंगतात. हे कापडाच्या रंगामुळेच होतं का?

उत्तर : एकट्या रंगामुळे नव्हे. मासे एकाएकी मरतात ते बहुधा पाण्यातला प्राणवायू संपल्यानं. त्याला मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणीही कारण असतं. धार आटली की ते सौम्य व्हायला पाणीच उरत नाही. पण म्हणून रंग निर्दोष ठरत नाही. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांचा १० ते ५० टक्के भाग धाग्याला न धरता पाण्यात जातो. असं पाणी ऊन अडवतं, मग शेवाळ प्राणवायू सोडेनासं होतं.

मला खरी धास्ती गाळाची वाटते. कापडाच्या रंगांतल्या अ‍ॅझो प्रकाराचे रेणू प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू तोडतात. रंग उडतो, पण मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. तेव्हा पाणी नितळ दिसलं म्हणून ते शुद्ध झालं असं कृपया समजू नका.

शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापडात बसवायला भरपूर मीठ लागतं, आणि सांडपाण्यावरच्या नेहमीच्या जैविक प्रक्रियेनं ते निघत नाही. हे पाणी पिकाला देत असाल तर पाणी आणि माती, दोन्हींची क्षारता तपासून घ्या. मेलेले मासे खाऊ नका, विकूही देऊ नका. पुन्हा मासे वर आले तर त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. दुसऱ्या दिवशी ते पाणी पुढे गेलेलं असतं.