सौदी अरेबिया : नावांची कुळकथा



ता. २२ मार्च २०१८ रोजी दिल्लीहून निघालेले एअर इंडियाचे विमान सौदी अरेबियाच्या आकाशातून येऊन तेल अवीवला उतरले. इस्राएलकडे येणाऱ्या प्रवासी विमानास त्या देशाने आपला आकाशमार्ग दिल्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे जुलै २०२२ मध्ये हा मार्ग सर्व देशांच्या विमानांस खुला झाला. ज्या वाळवंटावरून ते विमान आले, त्या भूमीचा आपल्या लोकांशी काय संबंध आहे, हे पाहण्याचे आम्ही या अंकात योजिले आहे. सुरुवात नावांपासून करू.

'सौदी' हे नाव कसे पडले?

कोकणात आपले वाडवडील या देशाला 'अरबस्तान' म्हणत. 'सौदी अरेबिया' हे नाव त्या मानाने अगदी अलीकडचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नज्द प्रांतात, आजच्या रियाधजवळ, दिरिया नावाचे एक गाव होते. तेथील अमीर सौद बिन मुहंमद याच्या वंशजांस 'आल सौद' म्हणजे सौदाचे घराणे म्हणू लागले. सौदाचा मुलगा मुहंमद याने १७४४ च्या सुमारास धर्मसुधारक मुहंमद बिन अब्दुल वहाब याच्याशी करार केला व त्या बळावर राज्य वाढविले. १८१८ साली तुर्की सुलतानाच्या वतीने मिसरच्या फौजेने दिरियाचा विध्वंस केला. दुसरे राज्य रियाधला उभे राहिले, तेही १८९१ साली बुडाले. तरुण अब्दुल अझीझने १९०२ साली मूठभर माणसांनिशी रियाध परत घेतले. १९२५ अखेर मक्का, मदिना व जेद्दासह हिजाझही त्याच्या हाती आला. काही वर्षे राज्याचे नाव 'हिजाझ व नज्द' असेच होते. ता. २३ सप्टेंबर १९३२ रोजी सर्व प्रांत एक करून त्यास घराण्याचे नाव देण्यात आले. १९३८ साली दम्माम येथे विपुल तेल लागले व पुढची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे.

जुन्या नावांत भूमीचेच वर्णन आहे. 'नज्द' म्हणजे उंचवट्याचा प्रदेश. 'हिजाझ' म्हणजे आड येणारा, कारण तेथील डोंगर किनारा व पठार यांच्या मध्ये उभे आहेत. 'रियाध' म्हणजे बागा. 'अरब' शब्दाच्या मुळाविषयी पंडितांत एकमत नाही. कोणी त्याचा संबंध हिब्रू 'अरावा', म्हणजे रुक्ष मैदान, याच्याशी जोडतात. लेखी पुरावा मात्र जुना आहे. इ.स.पू. ८५३ च्या लढाईचे वर्णन करणाऱ्या असिरियन शिलालेखात एक हजार उंट घेऊन आलेल्या गिंदिबू नावाच्या अरबाचा उल्लेख आहे.

'मदिना' हा शब्द तर आपण इस्राएलमध्ये रोज उच्चारतो. 'मदिनत इस्राएल' म्हणजे इस्राएलचे राज्य. 'बेथ दिन' मधील 'दिन', म्हणजे न्याय, हेच त्याचे मूळ. जेथवर एका न्यायासनाची सत्ता चालते तो प्रदेश म्हणजे मदिना. पुरिमला आपण एस्तेरची मगिल्ला ऐकतो, तीत अहश्वेरोश राजाच्या १२७ मदिनांचा उल्लेख येतो, आणि तेथेच 'होदू' म्हणजे आपला हिंदुस्थानही आहे. अरबीत हाच शब्द शहर या अर्थाने रूढ झाला. पण मदिना शहराचे जुने नाव यथ्रिब असे आहे.

पवित्र शास्त्रातील गावे

उत्पत्तीच्या पुस्तकात तेमा हा इश्माएलचा मुलगा आहे, आणि ददान हा अब्राहामाला कटुरेपासून झालेल्या वंशातला. ही दोन्ही नावे गावांची झाली. तेमा म्हणजे आजचे तैमा, व ददान म्हणजे आजच्या अल-उलाजवळचे प्राचीन नगर. यशया नबीने ददानच्या तांड्यांविषयी व तहानेल्यांना पाणी देणाऱ्या तेमाच्या रहिवाशांविषयी सांगितले आहे. इयोबाच्या पुस्तकातही तेमाचे तांडे येतात.

बाबिलचा शेवटचा राजा नबोनिदस राजधानी सोडून दहा वर्षे तैमा येथे राहिला. १९५६ साली हारान येथे सापडलेल्या त्याच्या शिलालेखात तेमा, ददान, फदक, खैबर व यथ्रिब ही नावे ओळीने येतात. नवल असे की, पुढे याच गावांतून यहुदी वस्ती आढळते. मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहेतील एका अरामी लेखात तेमा येथे आजारी पडलेल्या नबोनिदसला एक यहुदी पुरुष परात्पर देवाचा महिमा सांगतो, अशी कथा आहे. ददानच्या उत्तरेस हेग्रा येथे खडकात कोरलेल्या थडग्यांपैकी एकावर, इ.स. ४२-४३ च्या सुमारास, मालकाने आपण यहुदी असल्याचे कोरून ठेवले आहे.

वस्ती व तिचा शेवट

यथ्रिबमध्ये बनू कैनुका, बनू नदीर व बनू कुरैझा या तीन मोठ्या यहुदी टोळ्या होत्या. कैनुका सोनारकाम करीत, तर दुसऱ्या दोघांच्या खजुराच्या बागा होत्या. तैमाचा यहुदी कवी समौअल याची गोष्ट अरब आजही सांगतात. विश्वासाने ठेवावयास दिलेली चिलखते शत्रूच्या हवाली करण्याऐवजी त्याने आपल्या मुलाचा मृत्यू पत्करला. 'समौअलहून इमानी' ही म्हण त्यावरूनच पडली.

याच इतिहासात आपल्या बाजूचीही एक काळी नोंद आहे. इ.स. ५२३ मध्ये यमनचा यहुदी धर्म स्वीकारलेला राजा झू नुवास याने नजरान येथील ख्रिस्ती लोकांची कत्तल केली. ती लपवून इतिहास लिहिता येणार नाही.

मुहंमद पैगंबर ६२२ साली यथ्रिबला आले. पुढील पाच वर्षांत कैनुका व नदीर यांस गाव सोडावे लागले व कुरैझांचे पुरुष मारले गेले. ६२८ साली खैबर पडले. अर्धा खजूर देण्याच्या अटीवर तेथील यहुदी काही वर्षे टिकले, पण खलिफा उमरच्या काळात त्यांनाही बाहेर काढण्यात आले. दक्षिणेकडील नजरानमध्ये मात्र यहुदी कुटुंबे विसाव्या शतकापर्यंत होती. १९३४ साली तो प्रांत सौदी राज्यात कायम झाला. १९४९ च्या सुमारास ही कुटुंबे एडनमार्गे इस्राएलला आली.

आपल्यासाठी बोध

एका घराण्याने आपले नाव देशाला दिले. आपल्याकडे नेमके उलट झाले. गावांनी आपली नावे आपल्या घराण्यांना दिली. पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, किहीमवरून किहीमकर, चेऊलवरून चेऊलकर. आज ही आडनावे लोद, अश्दोद, बेएर शेवा व दिमोना येथील दारांवर दिसतात, आणि त्या गावांतून आपली घरे थोडीच उरली आहेत. आपल्याला कोणी हाकलले नाही, हा खैबर आणि कोकण यांमधला मोठा फरक आहे व त्याबद्दल आपण भारतभूमीचे ऋणी आहोत. पण विसर हाही माणसाला गावाबाहेर काढतोच. खैबरच्या यहुद्यांनी स्वतः लिहिलेली हकीकत आपल्या हाती नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते बहुतेक इतरांच्या लेखणीतून.

म्हणून आमची एक विनंती आहे. येत्या शब्बाथला जेवणानंतर नातवंडांना जवळ बसवा. आपले आडनाव कोणत्या गावाचे, ते गाव खाडीच्या कोणत्या अंगाला, घाणा कोठे होता, सिनेगॉग कोठे, कबरस्तान कोठे, हे त्यांना सांगा. मराठी येत नसेल तर त्यांनी हिब्रूत लिहून घ्यावे. आपली हकीकत आपल्याच हातची असू द्या.

शालोम.